आधी गिऱ्हाईक, मग डंका



पपईच्या मोझॅकवर लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या वेळी. आज डोकं तापलंय म्हणून दुसरंच लिहितो.

काल संध्याकाळी पुतण्या फाईल घेऊन आला. चकचकीत प्लास्टिकची फाईल, आत प्रोजेक्ट रिपोर्ट, तीन कोटेशनं, आधार, पॅन, आठ-अ, सातबारा. मिरची पावडरचं युनिट टाकायचं म्हणतो. एकूण खर्च १२ लाख. सोमवारी बँकेत सह्या आहेत आणि तारणाला माझ्या भावाची, म्हणजे त्याच्या बापाची, विहिरीजवळची जमीन आहे. मला म्हणाला, "काका, फक्त जामीनदार म्हणून सही लागेल तुमची."

मी सही केली नाही. म्हणून घरात आज अबोला आहे. वहिनींनी सकाळी चहासुद्धा विचारला नाही. मी का अडलो ते इथं लिहितो. त्याने वाचावं, आणि त्याच्यासारखे आणखी चार-पाच पोरं मला माहीत आहेत, त्यांनीही वाचावं. कृषी खात्यातले आणि केव्हीकेचे साहेब लोक हे पान बघतात. त्यांनी तर वाचावंच.

हल्ली कुठल्याही मेळाव्याला जा, स्टेजवरून एकच वाक्य येतं. कच्चा माल विकू नका, प्रक्रिया करा, उद्योजक व्हा. मग ३५ टक्के अनुदान. मग टाळ्या. मी टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो, म्हणून मला बोलायचा हक्क आहे. हे वाक्य खोटं नाही. अर्धं आहे. प्रक्रिया करून माल विकायचा कोणाला, हे त्यात येत नाही. ते शेतकऱ्याने घरी जाऊन बघावं. आणि शेतकरी घरी जाऊन काय बघतो? मशीन बघतो. कारण मशीन दिसतं, गिऱ्हाईक दिसत नाही.

माझी गोष्ट सांगतो. २०१२ ला मी पल्व्हरायझर आणलं. १० एचपीची मोटर, सायक्लोन, चाळणी सगळं. कर्ज साडेतीन लाख. कोणत्या बँकेचं, कोणत्या दुकानदाराचं ते सोडा, दोष माझाच होता. हिशोब सोपा वाटला. नंदुरबारची मिरची भारतात नावाजलेली, मार्केटला सीझनमध्ये गाड्यांच्या रांगा, शहराबाहेर पथाऱ्यांवर लाल गालिचे. आपल्या दारात एवढा माल, मग पावडर का नाही विकली जाणार? शेतीच्या मीटरवर मोटर चालणार नाही, धंद्याचं थ्री फेज वेगळं घ्यावं लागेल, हे मशीन दारात उतरल्यावर कळलं. त्यात चार महिने गेले. मग पावडर केली. मैद्यासारखी बारीक, बघायला सुंदर. शहाद्याच्या आणि तळोद्याच्या दुकानदारांकडे घेऊन गेलो. त्यांनी घेतली, उधारीवर. तीन महिन्यांनी वसुलीला गेलो तर निम्मी पाकिटं परत, त्यातल्या काहींत जाळी धरलेली.

आमच्या म्हसावदला कोण घेणार होतं? इथं प्रत्येक घर उन्हाळ्यात वर्षाची मिरची घेतं, वाळवतं, देठ खुडतं, डंक्यावर कांडून आणतं. तिखटाचं पाकीट आणणारी सून म्हणजे आळशी, अशी आमच्याकडे समजूत. आमच्या मंडळींनी पहिल्याच दिवशी अहिराणीत विचारलं होतं, "मशीन लिधं, पन गिऱ्हाईक कोठे शे?" तेव्हा मी तिला गप्प केलं. २०१७ ला मशीन भंगारात गेलं. कर्ज दोन वर्षांच्या पपईने फेडलं. ती पपई बरी गेली म्हणून, नाहीतर आज हे लिहायला मी कुठे असतो माहीत नाही.

आता दुसरी बाजू. माझी धाकटी बहीण सुरतला उधन्यात राहते. सुरतमध्ये आपल्या खान्देशची किती माणसं आहेत ते तुम्हाला सांगायला नको. गल्लीत दोंडाईचा, शिरपूर, अमळनेर सगळं सापडतं. २०१८ च्या उन्हाळ्यात तिने घरासाठी तिखट मागितलं. मी शहाद्याला दुसऱ्याच्या डंक्यावर कांडून पाठवलं. शेजारणींनी तिच्या शेवभाजीची तर्री बघितली आणि विचारलं, कुठून आणलं. त्या वर्षी १४ घरांना २२ किलो गेलं. मशीन नाही, शेड नाही, कर्ज नाही. पिशवीवर पेनाने नाव लिहिलेलं. (हे नियमात बसत नव्हतं, त्याबद्दल खाली लिहितो.)

त्या १४ घरांनी मला जे शिकवलं ते कोणत्याच ट्रेनिंगमध्ये मिळालं नव्हतं. पहिलं म्हणजे त्यांना बारीक पावडर नकोच होती. डंक्यावरची जाडसर पाहिजे होती, कारण भाजीत तेल वर येतं आणि कण दिसतो. म्हणजे २०१२ ला मी साडेतीन लाखाचं मशीनच चुकीचं घेतलं होतं! गिऱ्हाईक आधी भेटलं असतं तर मी पल्व्हरायझरच्या वाटेला गेलोच नसतो. दुसरं, त्यांना पाव किलोचं पाकीट नको होतं. एक किलो आणि दोन किलो पाहिजे होतं, वर्षातून दोनदा, होळीनंतर आणि दिवाळीला. कारण तिथल्या एका खोलीच्या घरात मिरची वाळवायला गच्ची नाही आणि कांडायला डंका जवळ नाही. त्यांची अडचण ती होती. मी काहीतरी नवीन चव देतोय म्हणून ते घेत नव्हते. तिसरं, पैसे आधी द्यायला त्यांची ना नव्हती. शहाद्याचा दुकानदार उधारी मागतो आणि उधन्याची बाई फोनवरून आधी पैसे टाकते, हे मला आजही नवल वाटतं.

पुढच्या वर्षी ७० किलो. २०२० ला दीड क्विंटल कांडून ठेवलं आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. बस बंद, रेल्वे बंद. पैसा दिवाळीपर्यंत गोणीत अडकला. कर्ज नव्हतं म्हणून झोप लागत होती. नंतर २ क्विंटल, मग ५ क्विंटल. तेव्हा कुठे २०२३ च्या जानेवारीत जुना डंका १ लाख १० हजाराला घेतला, रोखीने. आता वर्षाला ९ क्विंटलच्या आसपास जातं.

आता पुतण्याच्या फाईलमधला हिशोब आणि माझ्या वहीतला हिशोब शेजारी ठेवतो. आकडे माझे आहेत, तुमच्याकडे पाच-दहा रुपये इकडेतिकडे होतील.

त्याच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय, सुकी मिरची १९० रुपये किलो, पावडर ३६० रुपये, नफा १७०. वाचून कोणालाही पाणी सुटेल.

माझी वही म्हणते, १०० किलो सुक्या मिरचीचं ८८ किलो तिखट हातात येतं. देठ जातो, कडक उन्हात ओल जाते, कांडताना धूळ उडते. म्हणजे किलोला मिरचीच २१६ रुपयांची झाली. देठ खुडायची मजुरी १७. कांडपाई २०. पिशवी, लेबल, सील १६. सुरतचं पार्सल १०. फुटलं, सांडलं, परत आलं ५. फोन आणि जाणंयेणं ८. बेरीज २९२. उरले ६८. स्वतःचा डंका असेल तर कांडपाईचे २० वाचतात, पण वीज आणि माणूस त्यातले ९ खातात. म्हणजे ७९ धरा.

त्यातही दोन गोष्टी लक्षात ठेवा. मिरची घरची असली तरी ती त्या दिवशीच्या बाजारभावाने धरायची. "आपलीच आहे, फुकट" असं धरलं की धंदा नफ्यात दिसतो आणि शेती तोट्यात जाते, आणि कोण कोणाला खातंय ते कळत नाही. आणि देठ खुडणाऱ्या घरच्या बायांची मजुरी लिहायचीच. रिपोर्टमध्ये तिथे शून्य आहे. "घरगुती श्रम" असं लिहून शून्य! आमच्या वहिनी दोन महिने हाताची आग सहन करणार आणि त्याची किंमत शून्य. लिज्जत पापडचं उदाहरण सगळे देतात. १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली, पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, हे स्टेजवर सांगतात. पण तिथं पापड लाटणाऱ्या बहिणीला लाटणावळ त्याच दिवशी मोजून मिळायची, हे कोणी सांगत नाही. तिथली बाई फुकट राबली असती तर ते इतकी वर्षं टिकलं असतं का?

आता कर्जाचं बघू. १२ लाखात शेड साडेतीन, मशिनरी ६ लाख ४०, पॅकिंग मशीन १ लाख ६०, आणि खेळतं भांडवल फक्त ५० हजार. स्वतःचे १ लाख २०. कर्ज १० लाख ८०. अनुदान ४ लाख २० हजार. पोराला वाटतंय हे ४ लाख २० त्याच्या हातात येणार. येणार नाहीत, बाबा. केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत, २०२० ला सुरू झाली ती, अनुदान ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख. पण ते बँकेत बाजूला पडून राहतं. तीन वर्षं युनिट चालू पाहिजे, कर्जाचं खातं नियमित पाहिजे, तेव्हा ते कर्जात वळतं होतं. दुसऱ्या वर्षी हप्ते थकले आणि खातं बुडीत गेलं तर अनुदानही गेलं. ज्याला खरी गरज पडते त्यालाच ते मिळत नाही, अशी त्याची घडण आहे. योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती चालणारा धंदा मोठा करायला चांगली आहे. नसलेला धंदा उभा करायला नाही.

अनुदानाचा भाग सोडून ६ लाख ६० हजार राहिले. ११ टक्क्यांनी, पाच वर्षांत, महिन्याला हप्ता १४ हजार ३५० च्या आसपास. किलोला ७९ रुपये सुटले तर फक्त हप्ता भरायला महिन्याला १८२ किलो तिखट विकलं पाहिजे. पाव किलोची ७२८ पाकिटं. रोज २४, रविवार धरून, पाऊस असो की लग्न असो. त्यात त्याच्या घरात एक रुपया येत नाही, सगळा बँकेत जातो. मला सहा वर्षांनंतर महिन्याला सरासरी ७५ किलो जमतंय.

आणि खरी फास तर पुढेच आहे. १८२ किलो महिन्याला म्हणजे वर्षाला जवळपास २२ क्विंटल तिखट. त्याला २५ क्विंटल सुकी मिरची लागते. मिरची वर्षभर थोडी-थोडी मिळत नाही. चांगला माल डिसेंबर ते मार्चमध्ये येतो, तेव्हाच घेऊन ठेवावा लागतो. १९० च्या भावाने पावणेपाच लाख रुपये. रिपोर्टमध्ये ५० हजार! पोरगा म्हणतो, घरची दीड एकर आहे. असू दे. आमच्याकडे चार किलो ओल्या मिरचीची एक किलो सुकी होते, म्हणजे १०० क्विंटल ओली वाळवायला लागेल. आणि तोडणीला धडगावकडची माणसं येतात, त्यांना बाजाराच्या दिवशी रोख द्यावे लागतात. ते पैसे आणणार कुठून? ओली मिरची विकूनच ना? मग वाळवायला किती उरली?

माझं साधं निरीक्षण आहे. छोटा धंदा मशीन नाही म्हणून मरत नाही, रोकड अडकली म्हणून मरतो. बँक मशीनला कर्ज हसत देते कारण मशीनचं कोटेशन असतं. गोणीतल्या मिरचीला द्यायला का-कू करते. साहेब लोकांनी काही करायचंच असेल तर इथं करावं. मालावर हंगामापुरतं कर्ज मिळवून द्या. शेडचे फोटो काढणं कमी करा.

जळगावचे भवरलाल जैन सगळ्यांना माहीत. त्यांचा फोटो प्रत्येक ट्रेनिंगच्या पडद्यावर येतो. पण त्यांनी सुरुवात कशी केली? १९६३ च्या सुमाराला, घरातल्या तीन पिढ्यांच्या साठवणीतले ७ हजार रुपये घेऊन, रॉकेल विकून. पुढे ट्रॅक्टर, पाइप, खतं अशा दुसऱ्यांच्या मालाच्या एजन्सी. केळी पावडरचा जुना कारखाना त्यांनी ३० लाखाला घेतला तो १९७८ ला, आणि तिथं पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. मधे पंधरा वर्षं गेली आहेत. पंधरा वर्षं ते खान्देशच्या शेतकऱ्याला माल विकत होते, उधारी-वसुली बघत होते, कोणाला काय लागतं ते शिकत होते. पडद्यावर कारखाना दाखवतात. रॉकेलचा डबा कोणी दाखवत नाही.

पुतण्या मला काल म्हणाला, "काका, सहा वर्षांत तुम्ही वर्षाला ७० हजारांवर आलात. असं रांगत राहिलो तर माझं लग्न कधी होणार?" बोलणं लागलं, पण चुकीचं नाही. ७० हजारात घर चालत नाही. माझंही शेतीवरच चालतं, तिखट हा जोडधंदा आहे. त्याला मोठं करायचं तर कर्ज लागेल, मशीन लागेल, हेही मान्य. माझं भांडण फक्त क्रमाशी आहे. त्याने १०० किलो विकून दाखवावं. दुकानदाराच्या गळ्यात मारून नाही, आणि सारंगखेड्याच्या यात्रेत स्टॉल लावूनही नाही. मी तिथं दत्तजयंतीला चार दिवसांत ४० किलो विकलं होतं. घोडे बघायला आलेल्या माणसाने घेतलं आणि गेला, परत एकाचाही फोन नाही. यात्रेतला गल्ला बघून धंद्याचा अंदाज बांधू नका. १०० किलो अशा घरांना, जी दुसऱ्यांदा मागतील. निम्म्या घरांनी दुसऱ्यांदा मागितलं तर सही करायला मी स्वतः मोटरसायकलवर बसून येतो.

सुरुवात करणाऱ्याला कागदपत्रांचंही सांगतो, कारण यातही लुटतात. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, आधारवर. शहाद्यात त्याचे हजार-हजार घेतलेत लोकांनी. अन्न परवान्याची साधी नोंदणी मी घेतली तेव्हा वर्षाला १०० रुपये होती, १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला. ती पहिल्या किलोपासून घ्या, माझ्यासारखी पेनाने नाव लिहून पिशवी पाठवू नका. दळलेला मसाला सुटा विकायला २०११ च्या नियमाने बंदीच आहे, पाकीटबंदच पाहिजे. त्यावर वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, नाव-पत्ता, तक्रारीचा नंबर आणि १४ आकडी परवाना क्रमांक. आपल्याकडे कांडताना तेलाचा हात देतात, चमक येते म्हणून. खायचं तेल २ टक्क्यांपर्यंत चालतं, पण लेबलवर लिहावं लागतं. रंग अजिबात नाही. ओल ११ टक्क्यांच्या आत पाहिजे, म्हणून पथारीवरून उचलताना मिरची हातात खुळखुळली पाहिजे. नोव्हेंबर-डिसेंबरच्या अवकाळीत भिजलेली, बुरशीचा वास आलेली मिरची "दळली की काय कळतं" म्हणून घालू नका. ती माझ्या उधन्याच्या १४ घरांतल्या लेकरांच्या पोटात जाते. मी एका वर्षी ६० किलो अशी उकिरड्यावर टाकली. बायको रडली. पण टाकली.

आणि सल्लागाराबद्दल एक. रिपोर्ट बनवणाऱ्याला विचारा, तुझी फी कधी? कर्ज मंजूर झाल्यावर असेल तर तो तुझा सल्लागार नाही, तो मंजुरीचा दलाल आहे. त्याच्या रिपोर्टमध्ये तोटा कधीच येणार नाही. पुतण्याच्या रिपोर्टमध्ये पहिल्या वर्षापासून क्षमतेच्या ७० टक्के विक्री लिहिलीय. कोणाला, ते लिहिलेलं नाही. मी तीनदा पानं उलटून बघितली. गिऱ्हाईकाचं एक नाव, एक गाव नाही. मशीनच्या चाळणीचे छिद्र मात्र मिलिमीटरमध्ये दिलेत.

तर बाळा, तू हे वाचशीलच. फाईल फाडू नकोस, ठेव. माझा डंका दुपारनंतर रिकामा असतो. तुझ्या या तोड्यातली दोन क्विंटल ओली बाजूला काढ, माझ्या ताडपत्रीवर वाळव, देठाची मजुरी आईला रोख दे, आणि कांडून घे. ४०-४५ किलो तिखट होईल. लेबल माझ्या नोंदणीवर चालणार नाही, तुझी नोंदणी तू आजच टाक. आत्याचा नंबर तुझ्याकडे आहे. ती म्हणते लिंबायतकडे तिच्या ओळखीची वीसेक घरं आहेत ज्यांना माझा माल पुरत नाही. ती घरं तुझी. मी त्यांना फोन करणार नाही.

कांडपाई २० रुपये किलो, रोख. काका असलो तरी.